सभागृह कोणाचे? अमरावतीच्या इंद्रभुवनाने विचारलेला प्रश्न

गावाचा इतिहास लिहिणारे मंदिरांचा, वेशींचा आणि देशमुख-पाटलांच्या वाड्यांचा इतिहास लिहितात. त्या गावातील माणसे एकत्र बसून बोलत कोठे होती, ठराव कोठे करीत होती, नाटक आणि जलसा कोठे पाहत होती, याची नोंद कोणी ठेवत नाही. सभागृह म्हणजे चार भिंती, एक रंगमंच आणि काही खुर्च्या, यापलीकडे त्याकडे पाहिले जात नाही. परंतु ज्या समाजाला हजारो वर्षे चार माणसांत बसण्याचाच अधिकार नव्हता, त्या समाजाच्या दृष्टीने सभागृहाचा इतिहास हा हक्काचा इतिहास आहे. हा इतिहास आमच्या वऱ्हाडात, अमरावती शहरात घडला आहे. तो नव्या पिढीला सांगितलाच पाहिजे, कारण तोच प्रश्न आज तालुक्या-तालुक्यात नव्या रूपाने उभा आहे.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा. अमरावतीचे अस्पृश्य त्याआधी काही महिन्यांपासून मंदिराच्या पंचांकडे प्रवेश मागत होते. मंदिर समितीची सूत्रे दादासाहेब खापर्डे यांच्यासारख्या देशभर नाव असलेल्या पुढाऱ्याकडे होती. हेच खापर्डे १८९७ साली अमरावतीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते. ज्यांनी तीस वर्षांपूर्वी संपूर्ण देशाचे स्वागत अमरावतीत केले, त्यांच्या समितीला अमरावतीच्याच अस्पृश्यांचे स्वागत देवीच्या दारात करता आले नाही. ही गोष्ट आम्ही कोणा एका व्यक्तीला दूषण देण्यासाठी सांगत नाही. राजकीय स्वातंत्र्य मागणारे मन आणि सामाजिक स्वातंत्र्य नाकारणारे मन एकाच देहात किती सुखाने नांदू शकते, हे त्यातून दिसते, म्हणून सांगतो.

या परिषदेत बाबासाहेबांनी मांडलेला युक्तिवाद असा होता की, हिंदुत्व ही केवळ स्पृश्यांची मालमत्ता नाही. ते घडविण्यात वाल्मीकी, चोखामेळा आणि रोहिदास यांचाही वाटा आहे, मग दार बंद करण्याचा अधिकार एकाच वर्गाला कोठून आला? हा वारसदाराचा दावा होता. परिषदेने तडकाफडकी सत्याग्रह न करता तो पुढे ढकलण्याचा निर्णय घेतला. याच सुमारास, १२ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम यांचे निधन झाले होते. परिषदेने दुखवट्याचा ठराव केला आणि पुढचे कामकाज चालविले. घरात मृत्यू आणि समोर समाज, अशा स्थितीत तो माणूस इंद्रभुवनच्या मंचावर होता. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आपल्या बैठकांना उशिरा येण्याची कारणे सांगताना थोडा विचार करावा.

आता या घटनेतील एक गोष्ट नीट पाहा. त्या दिवशी अमरावतीत दोन वास्तू होत्या. एक मंदिर आणि एक नाटकगृह. मंदिर प्राचीन, लोकांच्या दानावर चाललेले, सर्वांची देवी म्हणून मिरविणारे. नाटकगृह अलीकडचे, करमणुकीसाठी बांधलेले. सर्वांची म्हणविणारी वास्तू बंद होती आणि करमणुकीची वास्तू उघडी होती. परिषद मंदिराच्या सभामंडपात भरू शकली नाही, ती थिएटरात भरली. हा योगायोग नव्हे. मंदिरात माणूस जन्माच्या दाखल्यावर आत जातो, तर नाटकगृहात निदान तत्त्वतः तरी तिकिटावर किंवा भाड्यावर जातो. सभागृह ही आधुनिक काळाने निर्माण केलेली जागा आहे आणि आधुनिक काळानेच अस्पृश्याला पहिल्यांदा बसायला जागा दिली. आमच्या चळवळीने रस्ता, पाणवठा, शाळा आणि कचेरी यांच्याबरोबरच सभागृहावरही पाय रोवला, तो याच समजुतीने.

परंतु सभागृहसुद्धा आपोआप मिळत नव्हते. याचा दाखला महाडमध्ये सापडतो. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडच्या वीरेश्वर थिएटरात भरली आणि तेथून निघून लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पाणी प्यायल्याबरोबर गावाचा चेहरा बदलला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद भरवायची ठरली, तेव्हा गावात परिषदेसाठी जागा मिळेना. अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली आणि तिच्यावर मंडप उभा राहिला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले ते तेथेच. मार्चमध्ये थिएटर मिळाले आणि डिसेंबरमध्ये मिळाले नाही. मधल्या नऊ महिन्यांत काय बदलले? थिएटर तेच होते, माणसेही तीच होती. बदलले एवढेच की, मार्चमध्ये अस्पृश्य बोलत होते आणि डिसेंबरमध्ये ते करून दाखविणार होते. प्रस्थापितांना आमचे बोलणे एकवेळ चालते, त्यांना भय वाटते ते आमच्या ठरावाच्या अंमलबजावणीचे.

महाडचा आणखी एक धडा आहे आणि तो नगरपालिकेशी संबंधित आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या किंवा चालविल्या जाणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात अस्पृश्यांनी पाणी प्यायल्यावर तीच नगरपालिका ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव रद्द करून मोकळी झाली. जे एका ठरावाने मिळते ते दुसऱ्या ठरावाने जाऊ शकते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले. म्हणून लढाई दिवाणी न्यायालयात गेली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हा सनातनी पक्षाचा दावा न्यायालयात टिकला नाही. दहा वर्षे लागली, पण हक्क ठरावावरून उठून कायद्यावर जाऊन बसला.

येथे वऱ्हाडच्या वाचकांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. बोले ठराव मुंबई इलाख्याचा होता. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेला होता. म्हणजे इंद्रभुवनात जमलेल्या आमच्या पूर्वजांच्या हाती तो ठरावही नव्हता. त्यांच्याजवळ होते ते फक्त संघटन.

मंच नाकारण्याचा इतिहास अस्पृश्यांपासूनच सुरू होतो असेही नाही. रानडे यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मंडपात भरत असे. १८९५ साली पुण्यात तिला मंडप द्यायला एवढा विरोध झाला की, मंडप जाळण्याची भाषा निघाली आणि परिषदेला बाहेर पडावे लागले. बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या प्रसंगाची आठवण करून दिली आहे. आणि त्या ग्रंथाची स्वतःची कथा तरी काय आहे? १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मजकूर पाहिला आणि परिषदच रद्द केली. विसाव्या शतकातील भारताचे सर्वांत महत्त्वाचे भाषण कोणत्याही सभागृहात झाले नाही, कारण सभागृहाचा दरवाजा भाषणाच्या आधीच बंद झाला. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले आणि ते जगभर गेले. सभागृह बंद झाले तर छापखाना उघडायचा, हा धडा लाहोरने दिला. आंबेडकरी दैनिके आणि नियतकालिके त्याच धड्याची अपत्ये आहेत.

हा सर्व इतिहास झाला. आता आजच्या गावाकडे येऊ.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक शहरात आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावी सार्वजनिक सभागृहे उभी राहिली. अमरावतीत संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन आहे, टाऊन हॉल आहे. अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह आहे. तालुक्याच्या गावी नगरपालिकेचे सांस्कृतिक भवन किंवा जुने नाट्यगृह असते. उद्घाटनाच्या दिवशी कोनशिला बसते, त्यावर मंत्र्यांची आणि नगराध्यक्षांची नावे कोरली जातात. ज्या मजुरांनी वाळू-सिमेंट वाहिले आणि ज्या रहिवाशांच्या करातून पैसा आला, त्यांची नावे कोनशिलेवर नसतात. असू द्या. परंतु त्यांचा प्रवेश तरी निश्चित असावा की नाही?

आज कोणीही नगरपालिका आमच्या तोंडावर जातीचे नाव घेऊन सभागृह नाकारीत नाही. तेवढे शहाणपण प्रस्थापितांना आले आहे. आज नकाराची भाषा निराळी आहे. तारीख आधीच गेली आहे. अनामत रक्कम दुप्पट भरावी लागेल. पोलीस ठाण्याचे ना-हरकत पत्र आणा. दुरुस्ती सुरू आहे. वक्ते कोण आहेत त्यांची यादी द्या. वकिली व्यवसायात आणि चळवळीत वावरताना अशा तक्रारी आमच्याकडे नेहमी येतात. त्यातील प्रत्येक कारण सुटे घेतले तर वाजवी दिसते. दुरुस्ती कोठे होत नाही? अनामत कोणाकडून घेत नाहीत? पण तीच दुरुस्ती एखाद्या नेत्याच्या नातेवाइकाच्या साखरपुड्याला आड येत नाही आणि तीच पोलीस परवानगी कीर्तन सप्ताहाला मागितली जात नाही, तेव्हा कारण आणि बहाणा यांतील फरक लक्षात येतो. नियम सर्वांना सारखा असेल तर तो नियम. एकालाच लावला तर त्याचे नाव भेदभाव.

यापेक्षाही सफाईदार एक उत्तर मिळते आणि ते ऐकून आमचे कार्यकर्ते अनेकदा निरुत्तर होतात. ‘तुमचे समाजमंदिर आहे ना? मग हॉल कशाला हवा?’ या एका वाक्याचा नीट पंचनामा केला पाहिजे.

शासनाच्या दलित वस्ती सुधार योजनेतून गावोगावी वस्त्यांमध्ये समाजमंदिरे बांधली गेली. जिल्ह्याच्या ठिकाणी सामाजिक न्याय भवने उभी राहिली. ती आवश्यकच होती. लग्न, धम्मसंस्कार, अभ्यासिका, महिला मंडळाची बैठक, वर्षावासातील ग्रंथवाचन यांसाठी वस्तीत जागा हवीच. परंतु वस्तीतील समाजमंदिर हे गावातील सार्वजनिक सभागृहाला पर्याय म्हणून दिलेले नाही. वेगळी विहीर खोदून दिली म्हणून चवदार तळ्यावरचा हक्क संपतो काय? महाडचा संगर पाण्याच्या तहानेसाठी नव्हता, समतेसाठी होता, हे आपण दरवर्षी २० मार्चला भाषणांतून सांगतो. मग सभागृहाच्या बाबतीत ती गोष्ट का विसरतो? वेगळ्या विहिरीचे तत्त्वज्ञान वेगळ्या सभागृहाच्या रूपाने परत येत असेल, तर त्याला विरोध करणे ही महाडचीच पुढची पायरी आहे.

यात दुसरे नुकसान अधिक खोल आहे. बाबासाहेबांची जयंती वस्तीत साजरी झाली की, बाबासाहेब वस्तीचे ठरतात. गावाच्या सभागृहात झाली की, ते गावाचे ठरतात. संविधान दिनाचे व्याख्यान समाजमंदिरात ठेवले तर श्रोते आपलेच असतात. ज्यांनी ते ऐकायला हवे ते मुख्य रस्त्यावरच्या हॉलमध्ये येतात, वस्तीत येत नाहीत. विचाराला वस्तीत कोंडणे ही माणसाला वस्तीत कोंडण्याचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

मग स्वतःची वास्तू नकोच काय? तसे नाही. येथे बाबासाहेबांची भूमिका दुहेरी होती आणि ती दुहेरीच समजून घेतली पाहिजे. सार्वजनिक जागेवर समान हक्क आणि त्याचबरोबर समाजाच्या मालकीची स्वतंत्र वास्तू. महाडला जागा मिळाली नाही, लाहोरला मंच मिळाला नाही, या अनुभवातून गेलेल्या माणसाने मुंबईत समाजाच्या स्वतःच्या भवनासाठी निधी उभारण्याचा ध्यास घेतला. दादरला आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस उभे राहिले ते या दृष्टीतून. आमच्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांनीही वास्तूचे मोल जाणले होते. त्यांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, पण लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. वास्तू विश्वासू हातात गेली पाहिजे, हे त्या निरक्षर म्हणविल्या गेलेल्या महापुरुषाला कळत होते.

आणि स्वतःची वास्तू असली तरी ती टिकतेच असे नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे ते आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस जमीनदोस्त करण्यात आले. १९ जुलै २०१६ रोजी मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला, पण पाडलेल्या भिंती मोर्च्याने परत येत नाहीत. नागपूरला अंबाझरीच्या परिसरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ साली टाळेबंदीच्या काळात पाडले गेले. उद्यानाची जागा पर्यटन प्रकल्पासाठी खासगी विकासकाच्या हाती देण्याच्या व्यवहारात हे घडले. २०२३ मध्ये आमच्या माता-भगिनींनी त्या जागेसमोर महिनोन्‌महिने धरणे धरले. दोन्ही घटनांची वेळ पाहा. एक पहाटेच्या अंधारात, दुसरी लोक घरात बंद असताना. ज्यांना आपले कृत्य न्याय्य वाटते ते भर दुपारी नोटीस देऊन येतात, अंधाराचा आसरा घेत नाहीत.

दादरच्या प्रकरणात एक कडू सत्यही आहे. त्या वास्तूवर हातोडा चालला तो समाजाच्याच नावाने असलेल्या ट्रस्टच्या वादातून. शत्रू बाहेरच असतो असे मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. विश्वस्त मंडळाची मुदत कधी संपली, हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे दाखल झाले की नाही, फेरफार नोंदी कोणाच्या नावे आहेत, हे आपण विचारीत नाही. कागद कच्चा असलेली वास्तू कितीही पवित्र असली तरी ती कायद्याच्या दृष्टीने उघड्यावरच असते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे, तसेच पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखली जाणारी किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेली सार्वजनिक वापराची ठिकाणे यांच्या बाबतीत जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने नागरिकाला आडकाठी करता येत नाही. १९२३ च्या बोले ठरावाचा आशय येथे मूलभूत हक्क होऊन बसला आहे. आता तो कोणत्याही नगरपालिकेच्या ठरावाने रद्द होत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून अशा ठिकाणी मज्जाव करणे हा गुन्हा आहे. कलम १२ नुसार पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नाही हे आरोपीला सिद्ध करावे लागते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सार्वजनिक करमणुकीच्या किंवा अन्य सार्वजनिक ठिकाणी प्रवेशास अडथळा आणणे हाही गुन्हा ठरविला आहे. नवबौद्ध समाजबांधवांनी लक्षात घ्यावे की, १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा दर्जा अबाधित आहे.

तथापि वकील या नात्याने आम्ही एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. प्रत्येक नकार हा अत्याचार कायद्याचा गुन्हा होत नाही आणि तसा दावा करणे चळवळीच्या हिताचे नाही. समोरचा पक्ष असेही म्हणेल की, सभेचे स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत सभा घेण्याचा हक्क नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या प्रकरणात तसे म्हटलेही आहे. मात्र १९७२ साली हिम्मतलाल शहा यांच्या प्रकरणात घटनापीठाने पोलिसांना मनमानी नकाराचा अधिकार देणारा नियम रद्द केला. वाजवी नियमन चालेल, पण कोणतेही निकष न सांगता अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवानगी ठेवता येणार नाही, हे त्याचे सार. आणि १९७९ च्या रमण शेट्टी प्रकरणापासून हे तत्त्व पक्के आहे की, शासन आणि शासकीय संस्था आपली मालमत्ता वा लाभ वाटताना खासगी मालकासारखे वागू शकत नाहीत. त्यांना अनुच्छेद १४ चे बंधन आहे. सभागृह नगरपालिकेच्या मालकीचे आहे, नगराध्यक्षांच्या मालकीचे नाही, एवढाच याचा अर्थ.

रात्री दहाच्या नियमाचा धाकही दाखविला जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे हे खरे. परंतु सभागृह, परिषद कक्ष, सामुदायिक भवन अशा बंदिस्त जागेत आतल्या आत ऐकू येण्यासाठी वापरलेल्या ध्वनिक्षेपकाला त्याच नियमात अपवाद आहे. नियम अर्धा वाचून दाखविणाऱ्याला उरलेला अर्धा आपण वाचून दाखविला पाहिजे.

सभागृहांवर आणखी एक संकट आहे, ते खासगीकरणाचे. देखभालीला पैसा नाही असे म्हणून वास्तू ठेकेदाराला चालवायला दिली जाते. ठेकेदार लग्नसराईचे दर लावतो आणि व्याख्यानमाला, नाटक, कविसंमेलन आपोआप बाहेर फेकले जातात. देखभालीचा प्रश्न खोटा नाही. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली जनतेसाठी उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत भस्मसात झाले. जुन्या वास्तूची काळजी घ्यावीच लागते आणि त्याला पैसा लागतोच. पण ज्या राजाने स्वतःच्या तिजोरीतून रयतेसाठी नाट्यगृह बांधले, त्याच्या महाराष्ट्रात रयतेच्या पैशाने बांधलेले सभागृह रयतेलाच परवडू नये, हे कोणत्या न्यायाने? लग्नाचा दर वेगळा असावा आणि सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक कार्यक्रमाचा दर वेगळा असावा, ही मागणी भिकेची नाही. ती करदात्याची मागणी आहे.

राज्यातील बहुतेक नगरपालिका आणि महापालिकांची मुदत २०२२ पर्यंत संपली होती आणि पुढे काही वर्षे तेथे प्रशासकांचा कारभार होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. लोकप्रतिनिधी नसलेल्या त्या काळात मालमत्तांचे कोणते करार झाले, किती वर्षांसाठी झाले, कोणाशी झाले, याची तपासणी प्रत्येक गावात झाली पाहिजे. नगरपालिकेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देण्यावर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ९२ ने बंधने घातली आहेत. ती पाळली गेली काय, हे कागद पाहिल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना घोषणांबरोबर पाच कामे सुचवितो. पहिले, सभागृहाची मागणी तोंडी करू नये. लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. दुसरे, नकार मिळाल्यास तो कारणांसह लेखी मागावा. लेखी नकार द्यायला अधिकारी कचरतो आणि पुष्कळदा तेथेच काम होते. तिसरे, माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६ खाली मागील दोन वर्षांची आरक्षण नोंदवही, दर ठरविणारा ठराव आणि सवलत दिलेल्यांची यादी मागावी. कलम ४ नुसार सवलती व परवाने मिळालेल्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहूनच प्रसिद्ध करायचा आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करावे. एका नोंदवहीत गावाचा खरा स्वभाव लिहिलेला असतो. चौथे, १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि २६ नोव्हेंबर या तारखांचे अर्ज काही महिने आधी द्यावेत, म्हणजे तारीख गेल्याची सबब उरणार नाही. पाचवे, आपल्या समाजमंदिराचे आणि विहाराचे कागद, म्हणजे जागेचा उतारा, ट्रस्टची नोंदणी, बदल अर्ज आणि हिशेब, पूर्ण करून घ्यावेत. दुसऱ्याच्या कारभारावर बोट ठेवणाऱ्याचे स्वतःचे दप्तर स्वच्छ असले पाहिजे.

हे काम आंबेडकरी समाजापुरते ठेवू नये. भाडे परवडत नाही म्हणून हौशी नाट्यमंडळी रडते आहे, ग्रंथालयवाले रडत आहेत, आदिवासी विद्यार्थ्यांच्या संघटनेला जागा मिळत नाही, मुस्लीम समाजाच्या शैक्षणिक मेळाव्याला जागा मिळत नाही. १९२७ च्या डिसेंबरात आपल्याला जागा देणारा फत्तेखान होता, हे विसरून कसे चालेल? त्या उपकाराची फेड म्हणून आज ज्याला कोणी जागा देत नाही त्याच्या अर्जावर आपणही सही केली पाहिजे. सर्वांसाठी समान दर आणि समान नियम ही मागणी घेऊन आपण पुढे झालो, तर गावातील न्यायप्रिय माणसे आपल्या मागे येतील.

अकोल्याचा धम्म मेळावा मैदानावर भरतो, नागपूरला दीक्षाभूमीवर सागर लोटतो. एवढी माणसे जमविणाऱ्या समाजाला पाचशे खुर्च्यांच्या सभागृहाचे काय अप्रूप, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मैदान वर्षातून एकदा भरते आणि सभागृह वर्षभर चालते. मैदानावर माणूस ऐकायला जातो. सभागृहात तो प्रश्न विचारू शकतो, वाद घालू शकतो, ठराव मांडू शकतो. मेळाव्याने संख्या दिसते, बैठकीने विचार घडतो. लोकशाही ही अशा बंदिस्त खोल्यांतील मोकळ्या चर्चेवर उभी असते.

१९२७ साली ज्यांच्याजवळ कायदा नव्हता, सत्ता नव्हती, बोले ठरावाचा आधारही नव्हता, त्यांनी इंद्रभुवनात बसून देवीच्या दाराबद्दल प्रश्न विचारला. आज आपल्याजवळ संविधान आहे, माहितीचा अधिकार आहे, गावोगाव शिकलेली मुले-मुली आहेत, वकील आहेत. येत्या महिन्यात प्रत्येक गावातून नगरपालिकेच्या सभागृहासाठी किमान एक लेखी अर्ज गेला पाहिजे आणि त्याची पोच फाईलला लागली पाहिजे.